हाताळलेलं चॉकलेट

मुलींना चॉकलेट दाखवून भीती घालायची, हा धडा सरकारने अनुदानासोबतच पाठवला होता. अनुदान नको म्हणायची अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, डेल्टाच्या भागातल्या त्या शाळेची ऐपत नव्हती. नर्सचा पगार त्यातूनच निघायचा, आणि दम्याची, साखरेच्या दुखण्याची पोरं तिथे ढिगाने होती. अट एवढीच, की लग्न होईपर्यंत थांबा, याखेरीज वर्गात काही शिकवायचं नाही. दिवस न राहण्याचे बाकीचे उपाय कसे फसतात, तेवढं मात्र हवं तितकं सांगा म्हणे!

"अर्लीन, पुस्तकात आहे तेवढं वाच आणि गप्प बस," मुख्याध्यापक गॅडिस आपल्या या शिक्षिकेला सकाळीच बजावून गेले. "राज्य सरकारचा माणूस तपासणीला मागे बसणार आहे. तुझ्या जिभेपायी माझी नर्स घालवू नकोस."

"मी कधी जास्त बोलते?"

"तू तोंड उघडलंस की पाद्रीसुद्धा प्रवचन आवरतं घेतो, बाई."

अर्लीन हसली खरी, पण पुस्तक तिने आठवणीने काखेत मारलं. नर्स बर्नडीन तिची जिवाभावाची मैत्रीण होती.

नियमाप्रमाणे मुलगे कोचबरोबर जिममध्ये गेले आणि वर्गात मुली उरल्या. शेवटच्या बाकावर जकाया बसली होती, भावाचा ढगळ स्वेटशर्ट घालून. पण सहावा महिना काय स्वेटशर्टात लपतो? बरेच दिवस दांडी मारून ती आजच आली होती, तीही अर्लीनने घरी जाऊन गयावया केली म्हणून. आता गेली तर कायमची जाईल, हे अर्लीनला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमका आजच हा धडा.

राज्याचा माणूस, हॅल्बर्ट, मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

अर्लीनने पेपरमिंटच्या चॉकलेटचा कागद सोलला आणि ते पहिल्या बाकावर दिलं. "हातात घ्या, दाबून बघा, पुढे द्या," तिने पुस्तकातलं वाचून दाखवलं. चॉकलेट फिरू लागलं. डेल्टातला तो उकाडा! मधल्या रांगेपर्यंत येता येता ते पार मऊ पडलं, त्याला बोटांचे ठसे उमटले, कुणाच्या तरी बाहीचा धागा चिकटला.

"जकायाला कशाला देतेस?" एकजण म्हणाली. "तिचा धडा झालाय की!"

वर्ग खिदळला. जकायाने चॉकलेटला हात लावला नाही. ती खाली मान घालून वह्या बॅगेत कोंबू लागली.

चॉकलेट परत अर्लीनच्या हातात आलं. आता पुस्तकाप्रमाणे ते उंच धरून विचारायचं, हे कोणाला हवंय? मग सगळ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, आणि लग्नाआधी हाताळलेल्या मुलीचंही असंच होतं म्हणून सांगायचं.

"हे कोणाला हवंय?" तिने विचारलं.

"शी!" मुली ओरडल्या. जकाया बॅग खांद्याला लावून दाराकडे निघाली.

अर्लीनचा जन्म झाला तेव्हा तिची आई पंधरा वर्षांची होती. तीच आई आता दर रविवारी पांढरे हातमोजे घालून येणाऱ्यांना जागा दाखवायला चर्चच्या दारात उभी राहते, आणि अख्खं गाव तिच्यापुढे मान लववतं. या चॉकलेटबरोबर आपण आईलाच डब्यात टाकतोय, असं अर्लीनला वाटलं आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली.

"मला हवंय," ती म्हणाली, आणि तिने ते तोंडात टाकलं. सावकाश चघळलं. बोटंसुद्धा चाटली.

"चॉकलेटच आहे. चॉकलेटसारखंच लागतं."

"मॅम, हे धड्यात नाही," हॅल्बर्ट म्हणाला.

"ठाऊक आहे. लिहा. माझ्या आईला पंधराव्या वर्षी मी झाले, तेही लिहा. तिला कचरा म्हणायचं असेल तर रविवारी चर्चला या आणि तिच्या तोंडावर म्हणा. मला ते बघायचंच आहे."

पहिल्या बाकावरच्या ट्रेसीने हळूच हात वर केला. "मॅम, पहिल्या वेळी काही होत नाही, असं मुलगे म्हणतात. खरं का?"

"याचं उत्तर दिलंत तर अनुदान थांबेल," हॅल्बर्ट उठून उभा राहिला. "विचार करा."

अर्लीनने विचार केला. बर्नडीनचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"खोटं असतं ते," दाराशी उभी असलेली जकाया म्हणाली.

सगळ्या मुली वळल्या. आता तिच्या पोटाकडे बघून कुणी खिदळलं नाही.

"बरोबर सांगितलंस," अर्लीन म्हणाली. "बॅग खाली ठेव आणि इथे पुढे येऊन बस." तिने पुस्तक मिटलं आणि खडू हातात घेतला. "मिस्टर हॅल्बर्ट, जाताना दार ओढून घ्या. वर्ग चालू आहे."