लागलं का गं?

लेस्टर कुझनियाकने एकतीस वर्षांत चौसष्ट पोरी मारल्या, आणि प्रत्येकीला मारून झाल्यावर विचारलं, "लागलं का गं?" कॅमेरा बंद झाला रे झाला की रबरी मुखवट्याच्या आतून तो घुमणारा आवाज यायचा. त्या चौसष्टातली दुसरी मी, डॉटी. मला बोटीत कुऱ्हाडीने मारलं होतं. मी म्हणाले, "छे, अजिबात नाही."

मला अभिनय येत नाही हे त्याच सिनेमात सगळ्यांना कळलं, मलासुद्धा. मग रंगभूषेत शिरले. तेव्हापासून मक्याच्या पाकात लाल रंग कालवून रक्त करते. मुंग्या माझ्यावर बेहद्द खूश असतात.

लेस्टरला मात्र मी कधी रंगवलं नाही. मुखवटेवाल्याला रंगभूषा कशाला? तो सकाळी मुखवटा माझ्या हातात द्यायचा, मी त्यावर रक्त शिंपडून परत करायचे. माझा तो बोटीतला धरून सात सिनेमे झाले. पोस्टरवर मुखवटा हा एवढा मोठा, पण वाण्याच्या दुकानात लेस्टर रांगेत उभा राहिला तर कोणी ढुंकूनही बघायचं नाही.

आता हा आठवा सिनेमा म्हणजे आमच्याच जुन्या सिनेमांची टर. यातल्या पोरी असले सिनेमे कोळून प्यायल्यात. तळघरात आवाज झाला की म्हणतात, "तू जा बाई, मी विनोदी मैत्रीण आहे, मी गेले तर मेलेच." शेवटी नायिका खुन्याचा मुखवटा ओढते. आत प्रियकर निघेल, निदान शेरीफ तरी, असं तिला वाटत असतं. निघतो एक अनोळखी म्हातारा. ती विचारते, "तुम्ही कोण?" तो म्हणतो, "मी पहिल्या भागापासून इथेच आहे."

त्या एका वाक्यासाठी ट्रेव्हर, आमचा सत्तावीस वर्षांचा दिग्दर्शक, टीव्हीवरचा कोणी नट आणणार होता. मी त्याचं डोकं खाल्लं. म्हटलं, "अरे, जो खरंच पहिल्या भागापासून इथे आहे त्यालाच घे की."

त्या सकाळी लेस्टर पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसला. मी त्याच्या गालाला हात लावला आणि रंग कुठून लावायला घ्यायचा तेच विसरले. साठीला आलेली बाई मी, काय म्हणावं या कर्माला.

"डॉटी, मला नाही जमायचं," तो म्हणाला. "मुखवट्याशिवाय मी कधी उभाच राहिलो नाही."

"हनुवटी वर कर आणि गप्प बस."

खिडक्यांना काळे पडदे लावून भरदुपारी रात्र केली होती. नायिका झालेल्या डेलनीने मुखवटा ओढला. "तुम्ही कोण?"

लेस्टर तिच्याकडे बघतच राहिला. दुसऱ्या वेळी त्याने ओठ हलवले, आवाज फुटला नाही. तिसऱ्या वेळी "पहिल्या..." म्हणून अडकला.

ट्रेव्हर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "डॉटी, आता शेवटचं एकदा. नाही जमलं तर मुखवटा काढायचाच नाही. दुसरा शेवट तयार आहे."

म्हणजे आठव्यांदाही रबरच दिसणार. त्याला या उजेडात आणून उभं करणारी मीच होते.

चौथ्या वेळी डेलनीने मुखवटा जोरात ओढला, तो सटकला आणि तिचं कोपर टेबलावर आपटलं. ती कळवळली, पण पोरगी पक्की, तशीच म्हणाली, "तुम्ही कोण?"

लेस्टरच्या हातातला सुरा खाली पडला. तो वाकला, तिचं कोपर दोन्ही हातांत धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "लागलं का गं?"

कॅमेरा चालूच होता. डेलनीने त्याच्याकडे पाहिलं आणि ती रडायलाच लागली. मग हसायला लागली, तिच्यामागे सगळेच. लेस्टर कानकोंडा होऊन म्हणाला, "माफ करा, सवयीने गेलं."

"हाच शेवट," ट्रेव्हर म्हणाला. "दुसरं काही करायचं नाही."

संध्याकाळी लेस्टर पुन्हा खुर्चीत बसला. मी ओल्या बोळ्याने त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरवत होते, गरजेपेक्षा बराच हळू.

"सगळे हसले," तो म्हणाला. "तू नाही हसलीस."

"लेस्टर, तू मलाही विचारलं होतंस. बोटीत."

"आठवतं ना. तू म्हणालीस, अजिबात नाही."

"खोटं बोलले." बोळा माझ्या हातातच राहिला. "लागलं होतं. जीव लागला होता. अजून तसाच आहे."

त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं. मग त्याने माझा लाल हात धरला आणि म्हणाला, "एकतीस वर्षं मुखवट्यात होतो म्हणून बरं, डॉटी. नाहीतर तुला पहिल्याच दिवशी कळलं असतं."