दोन तासांचं विमान

"दिल्ली ते मुंबई दोन तास, वैनी. इमान हाय ते. मुंबईत रातची गाडी धरली की सकाळी हितं."

सुताचे दुकानदार बिरप्पा ट्रंककॉल लावायला निघाले होते. भवानी पेठेतल्या त्या गल्लीत फोन त्यांच्याच दुकानात होता. दानम्मानं त्यांना उंबऱ्यात थांबवलं. तिचा नवरा शंकरप्पा पहाटेच गेला होता. हातमागावर जन्म काढलेला माणूस. एकुलता मडिवाळप्पा दिल्लीत सरकारी कचेरीत लागला, याचंच त्याला कोण अप्रूप होतं.

"गेले म्हनू नका," दानम्मा म्हणाली. "लई आजारी हायत, म्हना."

"पोराला खरं सांगाय नगं?"

"एवढ्या लांबनं एकटं यायचं त्यानं. वाटंत रडाय लागलं तर जवळ कोन हाय?"

बिरप्पा गेले. दुपारी सांगत आले, संध्याकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं.

लिंगायत रिवाजाप्रमाणे शंकरप्पाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात फुलं. थोरले दीर संगप्पा म्हणाले, "आजच माती द्याय पायजे."

दानम्मानं दिरासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

"दादा, सकाळपत्तुर थांबा. दोन तासाचं तर इमान हाय की."

संगप्पा थांबले.

सकाळी बिरप्पा स्टेशनवर गेले आणि एकटेच परत आले. दिल्लीत धुकं पडून विमान रात्रभर अडकलं होतं, ते पहाटे सुटलं आणि मुंबईची रात्रीची गाडी हुकली होती. पण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आणखी एक गाडी बघितली. तिच्यातही तो नव्हता. संगप्पांनी भावजयीकडे पाहिलं. दानम्मानं नवऱ्याच्या गळ्यातली सुकलेली फुलं नीट केली.

"न्या," ती म्हणाली.

दिवेलागणीला दारात टांगा थांबला. मडिवाळप्पा आत आला. रिकाम्या भिंतीशी समई जळत होती. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि तो तसाच उभा राहिला.

"कवा?"

"काल पहाटं."

"म्हंजे फोन केला तवाच... अव्वा, मला खोटं का सांगितलं?"

दानम्मानं समईची वात सारली. तो तिच्याजवळ भुईवर बसला.

"मी खिडकीतनं खाली बघत हुतो, अव्वा. ढगांवर ऊन पडलं हुतं. आप्पांना कसं सांगायचं, तेच मनात जुळवत हुतो. हसत हुतो मी. आप्पा हितं असं बसलेले, आन मी हसत हुतो."

"तुझ्यासाठी तेवढा येळ तरी आप्पा जिते हुते की," ती हळूच म्हणाली.

त्यानं कोटाच्या खिशात हात घातला. विमानात वाटलेल्या चार गोळ्या निघाल्या, चकचकीत कागदातल्या.

"आप्पांना दावायला ठेवल्या हुत्या."

"काय खाल्लंस का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

दानम्मानं एका गोळीचा कागद सोडवला आणि गोळी त्याच्या तोंडात घातली. ती गालात धरून, कोट न काढताच, तो मोठ्यानं रडू लागला.