गुलाबाच्या कुंडीत पुरलेला क्रेफिश

हिरेमठांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे, पण बैठकीच्या खोलीतल्या चार फुटी काचेच्या टाकीत एक मरळ राहत होती. चेतनाने ती हिप्परग्याच्या तळ्यावरून आणली तेव्हा बोटाएवढी होती. शिकारीवर जगणारी ही मासळी तिने कोरड्या गोळ्यांवर वाढवली, कारण घरात कुणाला जिवंत जीव खायला घालायचा नाही असा वडिलांचा शब्द होता. विरुपाक्षअप्पा गल्लीतल्या महादेवाच्या देवळाचे पुजारी. गोळ्या कशाच्या बनतात हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि चेतनाने आपण होऊन सांगितलं नाही.

प्राणिशास्त्राची एम.एस्सी. झाल्यावर, जूनमध्ये, तिने निळा क्रेफिश आणला, झिंग्यासारखा पण पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या असलेला. दुकानदार त्याला लॉबस्टर म्हणत होता. तो लॉबस्टर नाही, गोड्या पाण्यातला आहे, हे तिने दुकानदाराला सांगितलं आणि मग घरी येणाऱ्या प्रत्येकाला.

अप्पांनी टाकीपुढे उभं राहून अट घातली. "ह्यातल्या एकानं दुसऱ्याला मारलं, तर टाकी त्याच दिवशी घराबाहेर."

"मासा आहे तो, अप्पा. त्याला कुठलं पाप-पुण्य?"

"त्याला नसंल. आणून ठेवणारीला आहे की."

चेतनाने सगळी तयारी केली. तळाशी प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा ठेवला. त्यात क्रेफिश मावेल, मरळीचं डोकं मावणार नाही असा. मरळ उडी मारते म्हणून झाकणावर वरवंटा ठेवला. कवच कडक असेपर्यंत क्रेफिशला भीती नव्हती. एकदा ओठाला नांगीचा चिमटा बसल्यावर मरळ त्याच्याकडे लांबूनच बघायची. धोका एकच होता. क्रेफिश मधूनमधून कात टाकतो, म्हणजे जुनं कवच सोडतो, आणि नवं कडक होईपर्यंत तीन-चार दिवस लोण्यासारखा मऊ असतो. तेवढ्यासाठी तिने टाकीचे दोन भाग करणारी जाळी कापून कपाटामागे ठेवली होती. कात टाकायच्या आधी तो खाणं सोडतो, तेव्हा जाळी लावायची.

ऑक्टोबरात ती दोन दिवस मंद्रूपला मावशीकडे गेली, आणि क्रेफिश नेमका त्याच दिवसांत जेवला नाही.

ती दुपारी घरी आली तेव्हा आई, सरोजिनीबाई, शाळेतून आल्या होत्या आणि शेंगा सोलत होत्या. अप्पा ओसरीवर होते.

"संध्याकाळच्या आत टाकी रिकामी कर," ते म्हणाले.

"काय झालं?"

"तुझा निळा गेला. सकाळी बघतो तर कुशीवर पडलेला. काढला आणि गुलाबाच्या कुंडीत पुरला. विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. आपल्यात जाळत नाहीत, म्हणून त्यालाही माती दिली."

चेतनाची प्रश्न विचारायची सवय तरीही सुटली नाही. "हातात घेतल्यावर जड होता?"

"कसला जड! पापडासारखा. मानेपाशी फाटलेला. त्या मरळीनंच—"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. टाकीपाशी आडवी होऊन तिने मोबाइलचा उजेड पाइपात सोडला. आत दोन काळे डोळे होते. मिशा हलत होत्या. आणि मरळीने तोंड पाइपात खुपसलं होतं, चांगलं अर्धा इंच. दर रविवारी क्रेफिशची लांबी वहीत लिहिणाऱ्या चेतनाने चार महिन्यांत मरळीचं डोकं एकदाही मोजलं नव्हतं. क्रेफिश वाढला तसा तिने पाइप रुंद घातला होता, आणि आता त्यात मरळीचं तोंड शिरत होतं.

"आई, चाळण आण!"

"पिठाची?"

"कुठलीही आण गं!"

तिने चाळणीने मरळीला एका कोपऱ्यात रेटलं आणि आईने मधे जाळी सरकवली. पाणी फरशीभर झालं.

"ही चाळण आता स्वयंपाकघरात येणार नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नवी आणायची तू."

"आणते. अप्पा, तुम्ही पुरलंत ते नुसतं कवच आहे. तो आत आहे, जिवंत. पण ते कवच त्याला परत पाहिजे. तेच खाऊन त्याचं नवं कडक होतं."

"पुरलेलं उकरत नाहीत, चेतना."

"पण पुरलंय कुणाला?"

अप्पांनी स्वतःच जाऊन बोटांनी माती उकरली. एक नांगी तुटली, बाकी कवच अख्खं निघालं. ते नळाखाली धरून अप्पा विभूती चोळून काढायला लागले.

"राहू द्या थोडी," ती म्हणाली. "राखेत चुना असतो. त्याला चालतो."

कवच पाइपाच्या तोंडाशी ठेवलं. बराच वेळ काही हललं नाही. संध्याकाळच्या पूजेची वेळ झाली तरी अप्पा उकिडवे बसून होते. शेवटी एक फिकट निळी नांगी बाहेर आली आणि तिने कवच आत ओढून घेतलं.

"मग टाकीचं काय?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"मारलं कुठं?" अप्पा म्हणाले.

चेतनाला गप्प बसता आलं असतं. "आज वाचला, अप्पा. मी उद्या आले असते तर नसता वाचला. ह्या दोघांना एकत्र ठेवणं हीच माझी चूक. त्याला वेगळी टाकी पाहिजे. दोन फुटी."

"एक काढ म्हटलं तर ही दुसरी आणायलीय!" आई हसल्या.

अप्पा उठले. खिडकीतला रेडिओ त्यांनी उचलून कपाटावर ठेवला, आणि मोकळी झालेली जागा वितीने मोजली.

"तीन विती," ते म्हणाले. "बसंल की."