पाचवा फटका

"एकेकान एकेकच," अप्पा म्हणाले. "जास्त नको. आपण काय कसाई न्हय."

मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठारात, अकरा माणसं उभी होती. बाहेर कातळाच्या सड्यावर दुपारचं ऊन पेटलं होतं आणि आत अर्ध्या भरलेल्या आंब्याच्या पेट्या तशाच पडल्या होत्या. मधल्या खांबाला मिठी मारल्यासारखा बहादूर उभा होता. त्याचे हात पलीकडून सुंभाने बांधले होते. त्याचं खरं नाव टेकबहादूर. नेपाळहून येऊन बागेची राखण करताना त्याला चार वर्षं झाली होती, पण ते नाव पूर्ण कुणी घेतलं नव्हतं. सकाळी विहिरीवरच्या पंपाची केबल कापून नेलेली सापडली. बहादूरची झोपडी तिथून वीस पावलांवर.

"अप्पा, हम नहीं लिया," तो खांबाशी गाल टेकवून म्हणत होता. "बुखार था. सोया था."

अप्पा खुर्चीत बसले होते. मिठबावच्या अलीकडची ही सगळी बाग त्यांची. शाळेच्या समितीवर ते, देवळाच्या समितीवर ते. त्यांनी आयुष्यात कुणाला शिवी दिली नव्हती, आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

फवारणीच्या पंपाची दोन हात लांब रबरी नळी मुकादमाच्या, परशुरामच्या हातात होती. त्याने मारली. नळी बहादूरच्या पाठीवरून नुसती घसरली.

"परशुराम, माशी हाकवलंस काय? तो मोजूचो नाय. परत मार."

परशुरामने परत मारलं. या वेळी आवाज झाला. बहादूरच्या बनियनवर ओली रेघ उमटली.

"एक," अप्पा म्हणाले.

दुसरा होता अजय, टेम्पोचा ड्रायव्हर. त्यानेही आधी हलकाच मारला आणि त्यालाही परत मारावं लागलं. तिसऱ्याने मात्र पहिल्याच वेळी जोर लावला. चौथ्यानेही. चौथ्या फटक्याला बहादूर ओरडला नाही, फक्त त्याचे गुडघे खांबावर आपटले.

मग नळी धोंडूच्या हातात आली.

धोंडू सत्तावन्न वर्षांचा. एकतीस वर्षं याच बागेत. झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, आंबा उतरवावा तर त्यानेच. देठ तुटत नसे, फळाला डाग लागत नसे. अप्पा पाहुण्यांना सांगत, "ह्यो आमचो धोंडू. तोंडातून 'नाय' कधी ऐकूक नाय." ते खरंच होतं. नऊ वर्षांपूर्वी बागेच्या वाटेवरून अप्पांचं आणि धोंडूच्या सख्ख्या भावाचं वाजलं, तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले होते, "त्येच्याशी बोला नको." धोंडू त्या दिवसापासून भावाशी बोलला नव्हता. दोन घरांच्या मध्ये एक दगडांचा गडगा होता, कमरेएवढा.

नळी हातात घेताना त्याने मनाशी एक हिशेब केला. हळू मारला तर अप्पा परत मारायला लावणार. म्हणजे बहादूरला दोन बसणार. त्यापेक्षा एकच जोरात मारून मोकळं व्हावं. त्याचंही भलं त्यातच. हे त्याला त्या क्षणी इतकं सरळ वाटलं, की हात उचलताना जवळजवळ दया केल्यासारखं वाटलं.

नळीच्या एका टोकाला पितळेचा जोड होता. आधीच्या चौघांनी तोच मुठीत धरला होता. घाईत धोंडूने दुसरं टोक धरलं.

त्याने हात मागे नेला आणि बहादूरने मान वळवली. आता कोण आहे ते त्याला पाहायचं होतं.

"धोंडूकाका?" तो म्हणाला.

पितळ कानामागे बसलं. आवाज आधीच्या फटक्यांसारखा नव्हता. शहाळ्यावर कोयती पडावी तसा बारीक, आतून आलेला. बहादूरची मान खाली गेली आणि कानातून रक्ताची धार मानेवर, मानेवरून खांबावर आली.

"पाच," अप्पा म्हणाले.

धोंडूने नळी पुढे केली. पुढे सुगंधा होती. जामसंड्याची, पेट्या भरणारी, चाळिशीची विधवा. तिने नळीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझ्यान जमाचा नाय, अप्पा."

"सगळ्यांनी मारल्यानी."

"मारूंदेत. माझ्यान जमाचा नाय."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. धोंडूला वाटलं, आता काहीतरी होणार. आभाळ कोसळेल, अप्पा उठतील.

"बस तू थय," अप्पा म्हणाले.

ती जाऊन पेटीवर बसली. नळी सातव्या माणसापुढे गेली. तो जमिनीकडे बघत राहिला. आठवा दाराकडे सरकला. अप्पांनी घड्याळ पाहिलं.

"पुरे. सोडा त्येका. पाणी घाला."

सुंभ कापल्यावर बहादूर गवताच्या ढिगात पडला. तो शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी सरकारी हॉस्पिटलात तो मेला.

त्याच संध्याकाळी अप्पा धोंडूच्या घरी आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. धोंडूची बायको आनंदीबाई खुर्ची पुसायला धावली. अप्पांनी पाणी घेतलं, नातवंडांची चौकशी केली.

"उद्या पोलीस इचारतीत," ते म्हणाले. "बादूर आंबे काढूक झाडार चडलो नि पडलो. ताप होतो त्येका. सगळ्यांनी ह्याच सांगूचा."

"होय," धोंडू म्हणाला.

"तू आमचो माणूस. तुझी काळजी माका."

"होय."

ते गेल्यावर आनंदीबाईने विचारलं, "खरा काय ता?"

धोंडू विहिरीवर गेला आणि त्याने हात धुतले. जेवायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण उजवा हात वापरत नाही आहोत. आनंदीबाईच्याही ते लक्षात आलं. तिने भात कालवून ताट त्याच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात दहा जणांनी दहा वेळा एकच वाक्य सांगितलं. सुगंधाला कुणी बोलावलं नव्हतं. तिला बागेतून काढून टाकलं होतं. फौजदार तरुण होता आणि थकलेला दिसत होता.

"झाडावरून पडला तर पाठीवर वळ कसे?"

"फांद्या लागल्या असतील, साहेब," परशुराम म्हणाला.

फौजदाराने पेन टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं. "वरूनही फोन आलेत मला. सह्या करा."

धोंडूने सही केली.

पुढचे चार दिवस तो कामावर गेला. झेल्याने आंबे काढले. मांगरातला तो खांब कुणीतरी खरवडून गेरूने रंगवला होता. माणसं पेट्या भरत होती, क्रिकेटचं बोलत होती. धोंडूला कळेना, यांना झोप कशी लागते. मग त्याला कळलं, की तेही त्याच्याकडे बघून तेच विचारत असतील. दोघातिघांनी त्याला एकेकटं गाठून सांगितलं, की त्यांचा फटका काही इतका लागला नव्हता. परशुराम तर म्हणाला, "पयलो माझो, पण त्येणा काय माणूस जाता?"

कुणाच्या फटक्याने गेला, ते कुणी बोललं नाही. पण बोलता बोलता सगळे एकदा धोंडूच्या हाताकडे बघत.

पाचव्या दिवशी तो बागेत न जाता जामसंड्याला जाणाऱ्या एस.टी.त बसला. सुगंधा तिथल्या काजूच्या कारखान्यात लागली होती. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. तिची बोटं काजूच्या डिंकाने काळी पडली होती.

"तू खयसून इलंस?" तिने विचारलं.

"तुका एक इचारूचा होता." त्याला शब्द सापडेनात. "तुका भय नाय वाटला?"

"वाटला तर."

"मगे?"

"मगे काय? हात वर जायनात. मी काय ठरवून नाय बोललंय."

"अप्पा मागसून काय बोलले तुका?"

"काय्येक नाय. दुसऱ्या दिवशी मुकादमान सांगितल्यान, येव नको. तेवढाच."

"तेवढाच?"

"तेवढाच."

धोंडू तिथेच कुंपणाच्या दगडावर बसला. तेवढंच. नळी सुगंधाच्या आधी त्याच्या हातात आली होती. मागच्यांनी तिच्याकडे बघून हात खाली सोडले होते. ती त्याच्या आधी उभी असती तर, हा विचार त्याने केला नाही. त्याने उलटा विचार केला, तिच्या आधी आपणच हात खाली सोडला असता तर, आणि तो विचार संपेना. सुगंधाने डबा उघडून अर्धी भाकरी त्याच्या पुढे धरली. त्याने मान हलवली आणि तो उठला.

ठाण्यात फौजदाराने त्याला ओळखलं.

"काय राहिलं आता?"

"साहेब, माझी सही खोटी आहे." ठाण्यात बोलायचं म्हणून तो जपून, शाळेत शिकल्यासारखं बोलत होता. "तो झाडावरून पडला नाही. आम्ही मारला. कानामागचा फटका माझा."

फौजदाराने दाराकडे बघितलं. शिपायाने उठून दार लोटलं.

"कोणी सांगितलं मारायला?"

"अप्पांनी."

"मग तू कशाला अडकतोस? हुकूम त्यांचा होता. तू नोकर माणूस." त्याच्या बोलण्यात कळकळ होती, किंवा भीती. "चोरी तरी केली होती का त्याने?"

"माका नाय म्हायत." धोंडूची जपलेली भाषा सुटली. "त्येणा केबल नेल्यान काय नाय, ता माका म्हायत नाय. मी मारलंय ता म्हायत आसा. सांगितल्यानी अप्पानी. हात माझो होतो."

"धोंडू, हे लिहिलं तर तू आत जाशील. ते जातील की नाही, मला सांगता येत नाही."

"लिवा."

पेन फौजदाराच्या बोटांत होतं, कागदाला लागत नव्हतं.

"बाहेर बस जरा," तो शेवटी म्हणाला. "मी एक फोन करतो."

"फोन करा नको, साहेब," धोंडू म्हणाला. "आधी लिवा."

असं तो कुणाला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता. फौजदाराने चमकून वर पाहिलं. मग शिपायाला म्हणाला, "कोरे कागद आण."

शिपाई कागद आणायला गेला तेव्हा धोंडू पडवीत आला. बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर कापडाचं गाठोडं, पायात तुटक्या पट्ट्याची चप्पल. ती बहादूरची बायको होती, दुसऱ्या बागेत कामाला असलेली बिष्णुमाया. नवऱ्याच्या मृत्यूचे कागद घ्यायला ती सात दिवस रोज येत होती आणि रोज तिला उद्या यायला सांगत होते.

धोंडू तिच्यासमोर उभा राहिला. त्याला हिंदी धड येत नव्हतं.

"पेड से नहीं गिरा," तो म्हणाला. "हमने मारा. मैंने."

त्याला वाटलं, ती किंचाळेल, अंगावर येईल. यावी असंही वाटलं.

"कितना मारा?" तिने विचारलं.

"एक."

तिने त्याच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. कुठला, ते विचारलं नाही. मग गाठोडं छातीशी धरलं, उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला अगदी चिकटून बसली. बाक अर्धा रिकामा झाला.

धोंडू त्यावर बसला नाही. आतून शिपायाने त्याचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं, आणि तो आत गेला.