गैरहजर गुरुजी

“प्रफुल्ल, माहा गुरुजी विहिरीत काहून उतरला?”

शिशिरने वहीतून मान वर न करताच विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

“अरे, बादली पडली होती. कोणीतरी उतरायलेच पाहिजे ना.”

“हव. पण तोच काहून?”

रविवारची दुपार होती, तेलीबांध्याला माझ्या घरी आम्ही चौघं बसलो होतो. सात वर्षांपासून आमचा हा खेळ चालू आहे. प्रत्येकाने कागदावर एक माणूस रचायचा, मी गोष्ट सांगायची, प्रसंग आला की ज्याने त्याने आपल्या माणसासाठी फासे टाकायचे. चाळिशी आली तरी पोरखेळ सुटत नाही, असं बायको म्हणते. म्हणू दे. जो येणार नाही त्याचा माणूस बाकीच्यांनी चालवायचा, हा नियम माझाच. नाहीतर गोष्ट अडून बसते.

मी सरकारी कचेरीत आहे, इंद्रजीत रेल्वेत, आणि नीलिमा शाळेत शिकवते. शिशिर अभनपूरकडे बोअरचे पंप दुरुस्त करतो. उन्हाळी धानाच्या दिवसांत त्याला मरायलाही फुरसत नसते. यंदा तर तो तीन महिन्यांनी आला होता.

इंद्रजीत आणि नीलिमाने दहा मिनिटांत तलवारवाले लढवय्ये रचले होते. शिशिरला दोन रविवार लागले. बाप अंथरुणाला खिळला म्हणून दहावीनंतर हातात पाना घेतलेला हा पोट्टा. त्याने खाडाखोड करत लिहिलं होतं, ‘गुरुजी. सात लिप्या वाचतात. कोणासमोर वाकत नाहीत.’

खेळात घडलेलं सगळं नीलिमा वहीत उतरवते. शिशिर बोट ठेवून ते वाचू लागला. “गुरुजींनी गाडीचं चाक बसवलं. गुरुजींनी पाणी शेंदलं. गुरुजी सामान राखत बाहेर बसले.” मग थांबला. “गुरुजींनी राजाचे पाय धरून माफी मागितली. कशाची माफी, इंद्रजीत?”

इंद्रजीत चुळबुळला. “यार, चोरी तो मेरे वाले ने की थी. पण तो माफी मागणारा नाही ना. म्हटलं, शिशिर है नहीं, चलेगा.”

“आन् वाचलं का माह्या गुरुजीनं काही? एखादवेळी तरी?”

नीलिमाने उगाच दोन पानं उलटली. “नाही, भैया.”

“तुम्ही मिळून ठरवलं होतं का असं?”

“नाही रे, आईची शपथ!” मी म्हणालो. “तसं होत गेलं.”

बोललो आणि जीभ चावली. ठरवलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला दोस्त म्हणतो, त्याची पाठ वळताच आम्ही त्याच्याकडून हमाली करून घेतली, आणि तीन महिन्यांत आम्हा एकालाही ते खटकलं नव्हतं.

शिशिर चिडलासुद्धा नाही. चहा संपवला, कप मोरीत नेऊन ठेवला आणि “बस निघून जाईल” म्हणून उठला. अभनपूरची बस रात्रीपर्यंत मिळते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात कचेरीत मी फायलीआड एकच काम केलं. एक शिलालेख रचला. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगड, त्यावर जुन्या लिपीतला मजकूर. तो वाचता आला तरच पुढची वाट सापडेल. इतकं मन लावून मी उभ्या आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. शिशिरला फोन करून एवढंच सांगितलं, “रविवारी ये. तुझ्याशिवाय होणार नाही.”

“पाहतो,” तो म्हणाला.

रविवारी तीन वाजले, साडेतीन झाले. शेवटी मीच फोन लावला. मागे मोटारीची घरघर ऐकू येत होती.

“काम निघालं, भाऊ. तुम्ही घ्या चालवून.”

“अरे, आज तुझ्यासाठीच...”

“घ्या ना चालवून. आदत आहे तुमाले.”

आवाजात राग नव्हता. त्यानेच जास्त लागलं.

खेळ सुरू केला. खिंड आली, दगड आला. इंद्रजीतने सवयीने फासे उचलले. “गुरुजीचे मी टाकतो. देईल वाचून.”

“ठेव खाली!” मी इतक्या जोरात ओरडलो की स्वयंपाकघरातून बायको डोकावली. “गुरुजी आले नाहीत आज.”

“मग वाचणार कोण?” नीलिमाने विचारलं.

“कोणी नाही.”

मजकूर माझ्या खिशात होता. दोघांचे लढवय्ये दगडासमोर बराच वेळ उभे राहिले आणि आल्या वाटेने परत फिरले.