किरणांचं सुतक

संध्याकाळी गुरांना वैरण टाकून झाली की अनिता पडवीच्या टोकाच्या खोलीत जाई, तोंड धुई, केस विंचरी, टिकली सरळ करी आणि मगच मोबाईल हातात घेई. सांगवीला नणंदेकडं ठेवलेल्या आपल्या लेकीला ती रोज यावेळी मोबाईलवर बघायची. आई आजारी दिसू नये एवढ्यासाठी हा सगळा नट्टापट्टा! सुरुवातीला तीन वर्षांची ओवी मोबाईल तोंडात घालायचाच काय तो बाकी ठेवायची. हल्ली तिला पडद्यावरच्या आईपेक्षा अंगणातल्या कोंबड्या जास्त आवडू लागल्या होत्या.

त्या दिवशी नणंदेनं, राजेश्वरीनं, फोन समोर धरला तेव्हा ओवी कुरकुरत म्हणाली, "आई, भूक लागलीया."

"काय खायचंय माझ्या बाळाला?" अनितानं लासुर्ण्याच्या आपल्या घरून लगबगीनं विचारलं.

ओवीनं पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती राजेश्वरीचा पदर ओढत होती. 'आई' तिलाच म्हणाली होती.

"वयनी, आमची पोरं म्हणत्यात न्हवं, त्यांचं ऐकून..." राजेश्वरी पार ओशाळली.

"असू द्या की, त्यात काय झालं?" अनिता हसली, फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून पोटभर रडली. लेकीच्या केसांचा वास आठवायचा ती प्रयत्न करत होती आणि तो काही केल्या आठवत नव्हता.

झालं होतं असं. अनिताच्या गळ्यात थायरॉईडची गाठ निघाली, ती कॅन्सरची ठरली. ऑपरेशन झालं. नंतर पुण्याच्या दवाखान्यात तिला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. कुठं एखादी वाईट पेशी उरली असेल तर हे आयोडीन तिच्यात जाऊन बसतं आणि आपल्या किरणांनी तिला मारतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवडे लहान मुलीला जवळ घेऊ नका, वेगळं झोपा, ताटवाटी वेगळी ठेवा. म्हणून ओवीला सांगवीला धाडलं होतं.

सासूबाईंनी, चंद्राबाईंनी, हे अगदी कान देऊन ऐकलं. लांब राहा, वेगळं जेवा, दिवस मोजा! हे तर त्यांना जन्मापासून पाठ होतं. त्यांनी किरणांना सरळ सुतकात नेऊन बसवलं. दवाखान्यातून आलेली गोधडी आणि कपडे त्यांनी मागच्या छपरात बांधून ठेवले आणि नियम केला, की त्या गाठोड्याला कुणाचा हात लागला की दिवस पुन्हा पहिल्यापासून. अनितानं एकदा गोधडीला ऊन दाखवलं, पुन्हा पहिल्यापासून. कुत्र्यानं गाठोडं ओढलं, पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांचे तीन महिने होत आले. उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडणं चालूच होतं. आळीतल्या बायका हळदी-कुंकवाला तिला बोलावायचं टाळू लागल्या. नवरा युवराज आईपुढं तोंड उघडायच्या बाबतीत जरा गरीबच होता. आणि अनिता? खरं सांगायचं तर तिलाही मनातून भीती होती. माझ्या अंगातला जाळ माझ्याच पोरीला लागला तर? म्हणून तीही मुकाट्यानं दिवस मोजत राहिली.

पण ओवीनं दुसऱ्या बाईला आई म्हटल्यावर तिचा धीर सुटला. तपासणीसाठी बारामतीला जायचं होतं, तेव्हा ती सासूला म्हणाली, "तुमीबी चला. जे काय हाय ते एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐका."

युवराज दोघींना गाडीतून घेऊन गेला. दवाखान्यात अनिता एका खुर्चीवर आणि चंद्राबाई पार दाराशी. डॉक्टर जगताप मॅडमनी दोघींकडं पाहिलं.

"आजी, एवढ्या लांब का?"

"किरणं हायती न्हवं तिच्या अंगात! सुतक तेराव्याला फिटतं म्याडम, ह्ये कवा फिटतंय ते तरी सांगा." आणि चंद्राबाईंनी गाठोड्याचा नियम मोठ्या अभिमानानं सांगितला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गुऱ्हाळावर गेला असाल ना? उसाच्या रसाची उकळती काहील, ती भली मोठी कढई, चुलीवरून उतरवली की लगेच कुणी हात घालतं का?"

"हात जाईल की कामातनं!"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"तवर गुळाच्या ढेपा झालेल्या असत्यात. पोरं फोडून खात्यात."

"मग किती गरम, किती जवळून, किती वेळ, हे विचारल्याशिवाय भाजेल की नाही ते सांगता येतं का? किरणांचंही तसंच आहे. या आयोडीनचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मा. शिवाय बरंचसं आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जातं. गोधडीला हात लावला म्हणून ते पुन्हा वाढत नाही. निवलेली काहील शिवली तर परत उकळते का, आजी?"

 पण चंद्राबाईही काही कच्च्या नव्हत्या. "पर जराबी उरलं आसंल तर? पोरीचं अंग कवळं हाय."

"तुमची काळजी खोटी नाही. लहान मुलांना किरणं जास्त बाधतात, म्हणूनच तीन आठवडे सांगितले होते. खूप मोठी मात्रा एकदम अंगावर आली तर कातडी भाजते, रक्तातल्या पेशी कमी होतात. तेवढी मात्रा झाल्याशिवाय तसं होत नाही. कॅन्सरचा धोका मात्रेबरोबर वाढतो, असं आम्ही धरून चालतो. मात्रा अगदी थोडी तर धोकाही अगदी थोडा. आणि किरणं अजिबात नाहीत अशी जागाच जगात नाही. ती मातीतून येतात, आभाळातून येतात, केळ्यांतूनसुद्धा कणभर येतात. म्हणून इंदापूरची केळी खायची कुणी सोडली का?"

अनिता खुर्चीत पुढं सरकली. "म्हंजी म्याडम, मी तिला जवळ घेतली तर चालंल?"

"अहो, दोन महिन्यांपूर्वीच घ्यायला हवी होती!"

दोन महिने! चंद्राबाई दार सोडून आत आल्या. "आगं बया! म्या पोरीला वाचवाय गेले आन् तिची आईच तोडली की!"

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर युवराजनं गाडी लासुर्ण्याकडं वळवली, तशा चंद्राबाई कडाडल्या, "तिकडं कुठं? सांगवीला चल!"

सांगवीला राजेश्वरीच्या अंगणात अनिता उतरली आणि हात पसरून धावली. ओवी मात्र दोन पावलं मागं सरली आणि आत्याच्या पाठीमागं लपली.

"आजी म्हणती, तुला शिवलं की भाजतंय," ती हळूच म्हणाली.

अनिताचे पसरलेले हात तसेच राहिले. तेव्हा चंद्राबाई पुढं आल्या. तीन महिने जिला हात लावला नव्हता, त्या सुनेचा चेहरा त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला आणि तिच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं. "बघ गं ओवे, भाजलं का मला? तुझी आजी चुकली बाळा. तुझ्या आईच्या अंगात काय बी न्हाय. नुसती तुझी माया हाय!"

ओवी आत्याच्या पाठीमागून डोकावली. मग पुढं आली, एका बोटानं आईचा हात शिवून पाहिला आणि भाजत नाही म्हटल्यावर सगळीच्या सगळी तिच्या कुशीत शिरली. अनितानं तिच्या केसांत नाक खुपसलं. वास तोच होता, पण पोर चांगली बोटभर वाढली होती, आणि ती वाढताना आई जवळ नव्हती.

मंडळी, किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची भीती वाटणारच. पण भीती वाटली की विचारावं, किती? किती जवळून? किती वेळ? डॉक्टरांनी सांगितलेली सावधगिरी काटेकोर पाळावी आणि तिची मुदत संपली की तितक्याच काटेकोरपणे ती सोडूनही द्यावी. ते तीन आठवडे शहाणपणाचे होते. त्यानंतरचा एकेक दिवस आपण एका आईकडून उगीच हिरावून घेतला, आणि तो तिला परत आणून देईल असं औषध कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही.