आगीसाठी राखलेला हौद

आवारात कापसाच्या गंज्या अकरा, गवतानं शाकारलेल्या वखारी दोन, विहीर एक, कातड्याच्या बादल्या चाळीस आणि आग लागली तर हाताशी असावा म्हणून बांधलेला चुनेगच्ची हौद एक. हे सगळं सांभाळायचं काम बापूसाहेबांकडे होतं. अठराशे चौसष्ट साली अमरावतीत कापूस एवढा येऊन पडला होता, की चिलमीची एक ठिणगी उडाली तरी अर्धी पेठ गेली असती. हौद सदा काठोकाठ हवा, असा शेटजींचा हुकूम होता. आणि हौद रोज उतरत होता.

"चोरांनो!" बापूसाहेब गाडीवानांवर कडाडले. "आगीचं पाणी बैलांना पाजता? उद्यापासून तुमच्या गावची एक गाडी आत घेणार नाही."

पुंजाराम गाडीवरून उतरून पुढे आला. "आमचे बैल नाल्यावर पिऊन आले. तुमचा हौद गयते, बुडातून पानी झिरपते, त्याले आमी काय करू?"

"माझ्या देखरेखीत बांधलाय तो!"

"मंग तं गयनच!"

गाडीवान खदाखदा हसले. बापूसाहेबांची कानशिलं तापली. पाया खणताना गोवर्धन गवंडी म्हणाला होता, काळी माती उन्हाळ्यात फाटते, मुरूम लागेपर्यंत खाली जाऊ द्या. पण कापूस दारात येऊन उभा होता. त्यांनी गवंड्याला झापून गप्प बसवलं होतं. आता इतक्या लोकांत माघार कशी घ्यायची?

"हौद भरतो आणि फाटकाला कुलूप घालतो. सगळे बाहेर. संध्याकाळी पाणी उतरलेलं दिसलं, तर किल्ल्या शेटजींपुढे ठेवून घरी जाईन. नाही उतरलं, तर तुम्ही चोर. ऊन पिईल तेवढं मात्र सोडायचं. त्यासाठी शेजारी भरलेलं घंगाळ ठेवतो."

"अन् घंगायबी चोर निंगालं तं?" पुंजारामनं विचारलं.

"तोंड सांभाळ!"

"तुमी हौद सांभाळा."

दिवसभर सगळे फाटकाबाहेर बसून राहिले. बापूसाहेब एका बाजूला, गाडीवान दुसऱ्या. मधूनच कुणीतरी हाळी द्यायचं, "बापूसाहेब, तहान लागली का? हौदावर जाऊन या!" बापूसाहेब कमरेची किल्ली मुठीत आवळून समोर बघत राहिले.

दिवस कलला तसं त्यांनी कुलूप काढलं. पुंजाराम त्यांना खेटूनच आत शिरला. दोघांनी वाकून काठापासून बोटं लावली. आधी घंगाळात, मग हौदात.

घंगाळ अर्धं बोट उतरलं होतं. हौद पाच बोटं.